चार सेकंदांचा अंधार

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरची स्क्रीन पहिल्यांदा काळी पडली तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ज्या ज्या वस्तूवर, माणसावर आणि खात्यावर संशय घेतला गेला, त्या यादीत एकदा माझाही नंबर लागला होता.

"अहो," आतून बायकोची हाक आली, "हे गेलं."

"काय गेलं?"

"आलं."

मी गाळणं तसंच हातात धरून आत गेलो. स्क्रीन लख्ख चालू होती आणि बायको तिच्याकडे अविश्वासाने बघत होती. गाळण्यातून चहाचे थेंब फरशीवर पडले, त्यावरून थोडं बोलणं झालं, आणि मूळ विषय त्या दिवशी तिथेच राहिला.

मी निवृत्त झालो आणि त्याच महिन्यात बायकोला नोकरी लागली. लोक याला योगायोग म्हणतात. मी काहीच म्हणत नाही. लग्नाआधी आणि नंतर मिळून बारा वर्षं ती शाळेत विज्ञान शिकवायची. मग घरच्या व्यापात शाळा सुटली ती सुटलीच. आता अठरा वर्षांनी एका प्रकाशन संस्थेने तिला घरी बसून शाळेची विज्ञानाची पुस्तकं तपासायचं काम दिलं होतं. पहिले तीन महिने परीक्षेचे. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर नमस्कार. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता तिथल्या मुख्य संपादकबाई स्क्रीनवर येऊन बैठक घेत. बाई वयाने आमच्या भाचीएवढ्या, पण आवाजात अशी जरब की आमच्या स्वयंपाकघरातला कुकरसुद्धा शिट्टी आवरती घेई.

पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी बायको मला म्हणाली, "जमेल ना हो मला?" तिने असा प्रश्न मला आमच्या अख्ख्या संसारात विचारला नव्हता. संसारात काय जमतं आणि काय नाही हे ठरवायचं खातं तिच्याकडेच असे. मी म्हटलं, "तुझं काम तू बघ. बाकीची व्यवस्था माझ्याकडे."

तर व्यवस्था माझ्याकडे होती, हा या गोष्टीतला मुद्दा. तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस व्यवस्थेत कमी पडत नाही. मी खिडकीजवळची जागा पाहिली, नवं टेबल आणलं, मोठी स्क्रीन आणली, खटका दाबला की वर-खाली होणारी फिरती खुर्ची आणली, आणि या सामानाला घरात कुणी हात लावायचा नाही असा हुकूम काढला. घरात आम्ही दोघंच असल्यामुळे तो मी मलाच बजावला.

आणि आता ती व्यवस्था दगा देत होती. गंमत अशी की बायको तासन्‌तास वाचत बसली तर स्क्रीनला काही होत नसे. पण अकराची बैठक सुरू व्हावी, संपादकबाईंनी तिचं नाव घेऊन प्रश्न विचारावा, की गेली. चार सेकंदांनी परत यायची, पण तोवर उघडून ठेवलेली पानं इकडची तिकडे झालेली असायची. मग बायको, "हो... म्हणजे... एक मिनिट हं," करत पान शोधायची आणि तोंडाशी आलेलं उत्तर तिथेच विरून जायचं. जिच्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू येई, त्या बाईला असं चाचपडताना मी दाराआडून ऐकत होतो आणि मला ते ऐकवत नव्हतं.

"सांग ना त्यांना, स्क्रीन जाते म्हणून," मी म्हटलं.

"दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तर 'बाई, वही घरी राहिली' असं वाटेल. बारा वर्षं ती सबब मीच ऐकलीये."

पहिला सल्ला मेव्हण्याचा. हा तिचा धाकटा भाऊ, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिथे नक्की काय करतो हे त्याच्या आईलाही ठाऊक नाही. त्याने फोनवर विचारलं, "दाजी, बंद करून परत चालू केलात का?" मी म्हटलं, "ती स्वतःच बंद होऊन परत चालू होते, तीच तर तक्रार आहे." तो जरा विचारात पडला. "मग तुम्ही पण एकदा करून बघा," म्हणाला. आम्ही केलं. शुक्रवारी पुन्हा अंधार.

तेव्हा मी नोंदवही घातली. कुठल्याही संकटात आधी नोंदवही घालावी, म्हणजे संकट सुटलं नाही तरी ताब्यात आल्यासारखं वाटतं. दोनशे पानी वही, लाल शाईने आखलेले रकाने: अनुक्रमांक, दिनांक, वेळ, हवामान, फ्रिज चालू की बंद, वरच्या मजल्यावरचा मिक्सर चालू की बंद, शेरा. बायकोने एकदा वही उघडली आणि हवामानाचा रकाना बघून मिटली.

स्क्रीनच्या कंपनीला तक्रार केली. उत्तर आलं की दोषाचा फोटो पाठवा. चार सेकंदांत फोटो काढायचा म्हणजे पाखरू पकडण्यासारखं. दोन दिवस मी मोबाइल रोखून टेबलाशेजारी उभा होतो, शेवटी तो क्षण पकडला आणि फोटो पाठवला. तिकडून कळवण्यात आलं, "आपण पाठवलेल्या फोटोत स्क्रीन बंद दिसत आहे. कृपया स्क्रीन चालू करून फोटो पाठवावा." मी चालू स्क्रीनचा पाठवला. त्यावर उत्तर आलं, "फोटोत कोणताही दोष आढळला नाही. तक्रार निकाली काढली आहे." आयुष्यभर मी लोकांची पत्रं याच भाषेत निकाली काढली होती. समोरच्याला कसं वाटत असेल, याचा विचार मात्र त्या दिवशी पहिल्यांदा केला.

एव्हाना बातमी जिन्यातून वर गेली होती. आमच्या वरच्या मजल्यावर टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना एक्स्चेंजकाका म्हणतात. जगातल्या कुठल्याही बिघाडाचं कारण त्यांच्या मते अर्थिंग. मागे त्यांच्या सुनेचं डोकं दुखत होतं तेव्हाही त्यांनी पलंगाची जागा बदलली होती. ते हातात हिरव्या वायरीचं भेंडोळं घेऊनच खाली आले.

"अर्थिंग नाही तुमच्याकडे," ते दारातूनच म्हणाले.

"काका, आत तर या."

"आत येऊन काय बघायचं? वास येतोय."

त्यांनी टेबलापासून मोरीतल्या नळापर्यंत हिरवी वायर ताणली आणि ती हलू नये म्हणून तिच्यावर भरलेली बादली ठेवली. परिणाम ताबडतोब झाला. दारावरची घंटा बंद पडली. का पडली ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. काका म्हणाले, "म्हणजे काहीतरी होत होतं, हे सिद्ध झालं." दुसऱ्या दिवशी बायको त्या वायरीत अडखळली आणि वायर, बादली आणि काकांचं नाव असं एकदमच बाहेर काढण्यात आलं.

मग मी विजेच्या मागे लागलो. बैठकीच्या तासात फ्रिज बंद ठेवायचा असा नियम केला. तो बंद करायची आठवण मला राहायची, चालू करायची राहायची नाही, त्यामुळे दोनदा दूध नासलं. मिक्सरचाही बंदोबस्त करायचा म्हणून इमारतीतल्या सगळ्या दारांवर जाऊन मी विनंती केली की मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते बारा कृपया मिक्सर लावू नका. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "लेखी द्या." लेखी दिलं. त्यांनी ते फळ्यावर लावलं. खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं, "आंघोळ केली तर चालेल का?" अक्षर मी ओळखलं होतं, पण शेजारधर्म म्हणून गप्प बसलो.

वीज कचेरीतही जाऊन आलो. खिडकीमागच्या बाईंनी फॉर्म दिला. त्यात 'पुरवठा किती वेळ खंडित होता' याच्यापुढे 'तास' छापलेलं होतं.

"चार सेकंद," मी म्हटलं.

"तासांत सांगा."

मी भागाकार करायला लागलो. बाईंनी चष्मा वर केला. "काका, अर्ध्या तासाच्या आतली तक्रार सिस्टीम घेतच नाही. अर्धा तास जाऊ द्या, मग या." त्या इतक्या मायेने म्हणाल्या की मला त्यांचा राग धरता येईना. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर खुर्चीसुद्धा दिली नसती.

शेवटी रीतसर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा, जाडसर, संथ माणूस. कसलीही हकिकत सांगितली की तो डोळे अर्धवट मिटून "होतं असं," म्हणतो. मी त्याला नोंदवही वाचून दाखवली. "होतं असं." फोटोची हकिकत सांगितली. "होतं असं." मग तो बायकोच्या खुर्चीवर बसला आणि चाळीस मिनिटं ढिम्म हलला नाही. स्क्रीनही हलली नाही. शेवटी त्याने पिशवी उचलली, उठून दाराकडे वळला, आणि त्याच्या पाठीमागे स्क्रीन काळी पडली.

"बघा, बघा, गेली," मी म्हटलं.

तो आपला देह वळवेपर्यंत ती परत आलेली होती. त्याने आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जाताना तो जिन्यात बायकोला म्हणाला, "साहेब नुकतेच रिटायर झालेत का? होतं असं."

हे सगळं मी हसत सांगतो आहे, पण तिसरा महिना संपत आला तेव्हा आमच्या घरात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका बुधवारी दुपारी संस्थेचं पत्र आलं. बायकोने ते स्क्रीनवर वाचलं आणि मग मला वाचून दाखवलं, शाळेत मुलांचे निकाल वाचावेत तशा सपाट आवाजात. "विषयाची जाण उत्तम. लेखी काम काटेकोर. मात्र बैठकीत थेट प्रश्न विचारल्यास गोंधळतात, उत्तर देऊ शकत नाहीत. शुक्रवारच्या बैठकीनंतर अंतिम निर्णय घेण्यात येईल."

"यात स्क्रीनचा उल्लेख नाही," मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"कसा असेल? त्यांना स्क्रीन दिसत नाही, मी दिसते." तिने स्क्रीनवरचं पत्र बंद केलं. "आणि खरंच गोंधळतेच की मी. वय झालं असेल. अठरा वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत."

मला फार वाईट वाटलं. फ्रिज, मिक्सर, वीज कचेरी सगळं पालथं घालून झालं होतं आणि व्यवस्था माझ्याकडे आहे म्हणणारा मी तिथे रिकाम्या हाताने उभा होतो. इतकी वर्षं जी बाई माझ्या प्रत्येक गोंधळाला "होईल हो नीट" म्हणत आली, ती आज स्वतःला म्हातारी म्हणत होती, तेही चार सेकंदांच्या अंधारापायी.

गुरुवारी सकाळी ती म्हणाली, "ती तुमची वही द्या बघू."

मला वाटलं रद्दीत टाकते. पण तिने पेन्सिल घेतली आणि पुस्तक तपासावं तशी पहिल्या पानापासून वाचायला बसली. हवामान, फ्रिज, मिक्सर हे तिन्ही रकाने तिने उभी रेघ मारून रद्द केले. माझ्या काळजात चर्र झालं. मग ती नुसते शेरे मोठ्याने वाचू लागली.

"'संपादकबाईंनी प्रश्न विचारला असता स्क्रीन गेली.' 'दार वाजले असता गेली.' 'मी चहा घेऊन गेलो असता गेली.' 'बाईंनी पुन्हा प्रश्न विचारला असता गेली.' 'दुरुस्तीवाले निघाले असता गेली.'" तिने पेन्सिल खाली ठेवली. "अहो, तुम्ही या वहीत सगळ्यांना घेतलंत. फ्रिजला घेतलंत, ढगांना घेतलंत. मी काय करत होते त्याचा रकाना कुठाय?"

"तू काय करणार? तू बसलेली असायचीस."

"दार वाजलं की मी बसते का? चहा घ्यायला बसते का?"

"आणि बाईंनी प्रश्न विचारल्यावर?"

ती जराशी लाजली. "तेव्हाही उठते. पूर्ण नाही, वीतभर. मुख्याध्यापिकांनी नाव घेतलं की आमची अख्खी स्टाफरूम उठायची. बारा वर्षांची सवय आहे. कळतही नाही मला."

आणि मला तरी कुठे कळलं होतं? मी दाराआडून तीन महिने बघत होतो. वरिष्ठांनी नाव घेतल्यावर माणूस उठतो, यात नोंद घेण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. साहेबांचा फोन आला तरी मी उभा राहून बोलायचो. आमच्या कचेरीतला कुठलाही माणूस ती वही लिहायला बसला असता तरी हा रकाना सुटलाच असता.

आम्ही प्रयोग केला. ती खुर्चीवरून वीस वेळा उठली आणि बसली, मी मोजत होतो. सात वेळा अंधार. मग मी वीस वेळा उठलो-बसलो. माझ्या वजनाला नऊ वेळा. दुरुस्तीवाल्याला फोन केला. या वेळी तो "होतं असं," म्हणाला तेव्हा त्याला खरंच काहीतरी आठवलं होतं. या खुर्च्यांच्या दांड्यात गॅस भरलेला असतो, म्हणाला. माणूस झटकन उठला की दांडा सरकतो आणि कधीकधी डोळ्यांना न दिसणारी ठिणगी पडते. स्क्रीनची केबल हलकी असली तर ती ठिणगी तिला बाधते आणि चित्र क्षणभर तुटतं. जाड केबल मागवतो, पण यायला चार दिवस लागतील.

खुर्ची मी आणली होती. टेबल, स्क्रीन, खुर्ची या तिन्हींत मी सगळ्यात जास्त वेळ तिच्यावर घालवला होता, सात दुकानं हिंडलो होतो. "खुर्ची बरी नसली तर माणसाला कचेरीत मान नसतो," असं मीच तिला सांगितलं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो आणि जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची उचलून आणली.

"चार दिवस हिच्यावर बस," मी म्हटलं. "हिच्यात गॅसबिस काही नाही. वाटेल तितकं उठ."

तिने लाकडी खुर्चीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नको. हिच्यावर बसले तर मी उठेन. आणि उठले की माझं बोलणं तुटतं, स्क्रीन राहो नाहीतर जावो. नुसता स्क्रीनचा दोष नव्हता हो तो. मी तुमच्याच खुर्चीवर बसणार."

"पण उठलीस तर?"

"तर अंधार होईल," ती म्हणाली.

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं कमी असताना मी ती लाकडी खुर्ची दारापाशी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने ठेवली आणि तिच्यावर बसलो. वेळ आली तर खुर्च्या झटकन बदलता याव्यात, असा माझा मनातला बेत होता. फ्रिज चालू होता. वर एक्स्चेंजकाकांकडे मिक्सर फिरत होता. बायकोने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले होते आणि बोटं घट्ट आवळली होती.

"नमस्कार," संपादकबाईंचा आवाज आला.

बायकोचे खांदे किंचित वर गेले. खुर्ची कुरकुरली. खांदे खाली आले. "नमस्कार," ती बसल्या जागेवरून म्हणाली. स्क्रीन चालू होती.

इकडची तिकडची कामं झाली आणि बाईंनी तिचं नाव घेतलं. "सहावीच्या पुस्तकातल्या विजेच्या धड्यातल्या चित्रावर तुम्ही हरकत घेतली आहे. लेखक ज्येष्ठ आहेत. त्यांचं म्हणणं, चित्र सुटसुटीत दिसावं म्हणून सेलपासून दिव्यापर्यंत एकच वायर दाखवली आहे, दुसरी मुद्दाम गाळली आहे. तुम्ही हरकत मागे घेता का?"

मला इथून तिची फक्त पाठ दिसत होती. ती पाठ मी अठ्ठावीस वर्षं ओळखतो. ती एकदा पुढे झुकली, थांबली, आणि हळूहळू खुर्चीला टेकली.

"नाही," बायको म्हणाली. "चित्र सुटसुटीत दिसेल, पण दिवा लागणार नाही. मूल घरी सेल आणि वायर घेऊन बसेल, चित्रात आहे तसंच करेल, आणि दिवा लागणार नाही. पुस्तक चुकलंय हे त्याच्या डोक्यातसुद्धा येणार नाही. त्याला वाटेल आपलंच काहीतरी चुकतंय, आपल्याला जमतच नाही. ते बरोबर नाही. दुसरी वायर दाखवा."

स्क्रीनवर कुणीच काही बोललं नाही. ते चार सेकंद असतील किंवा चाळीस, मी मोजले नाहीत. बायकोने पान शोधलं नाही, "एक मिनिट हं" म्हटलं नाही, नुसती बसून राहिली.

"ठीक आहे," संपादकबाई म्हणाल्या. "लेखकांना मी कळवते. आणि सहावीचं संपलं की सातवीचं पुस्तक तुमच्याकडेच पाठवते. कायमचं पत्र सोमवारी येईल."

मग नमस्कार झाले, चेहरे एकेक करून गेले, आणि स्क्रीनवर नुसतं ते विजेच्या धड्याचं पान उरलं. बायकोने खुर्ची माझ्याकडे फिरवली. डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. का हसते ते मला आधी कळेना. मग कळलं. बाईंच्या पहिल्या नमस्काराला मी जो उठलो होतो, तो दोन्ही हात जोडून अजून तसाच उभा होतो.

"अहो, बसा आता," ती म्हणाली. "गेल्या त्या."